कुराना-ब्रोन

उत्तरेला ओढा, दक्षिणेलाही तोच, वळसा घेऊन आलेला.
पूर्वेला गिल्व्हरींची दगडी भिंत.
पश्चिमेची शीव नक्की कुठली यावर दोघं कोर्टात गेले होते;
खटला अजून उभा आहे, भांडणारे आडवे झाले.

एकशे सत्त्याण्णव एकर. दुकान नाही, चर्च नाही, गुत्ता नाही.
नुसतं जमिनीला ठेवलेलं नाव,
आणि एकतीस वर्षं मी ते नाव वाचत
आधी सायकलवरून, मग हिरव्या व्हॅनमधून पत्रं टाकत आले.
आता घरागणिक सात खुणांचा कोड आलाय.
नाव लिहायची गरज नाही, म्हणाले.

नावाचा घोळ तसा जुनाच.
सैन्यातले मोजणीदार साखळी ओढत आले तेव्हा
कारकुनाने विचारलं, या पाणथळीला काय म्हणता?
कुणीतरी सांगितलं. त्याने परक्या कानाने ऐकलं, टाकाने लिहिलं
आणि गेला पुढच्या टेकडीवर.
आमच्या जुन्या भाषेत जातं म्हणजे ब्रो, जात्याचं म्हणजे ब्रोन,
आणि शोक म्हणजेही ब्रोन.
जात्याची पाणथळ, की शोकाची?

फेस्टस गिल्व्हरी म्हणतो, जात्याचीच.
पुरावा त्याच्या मागच्या दाराशी:
पीट कापताना बापाच्या फावड्याला लागलेला जात्याचा वरचा दगड,
तोंडात सिमेंट भरून कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलेला.
हात लावून बघ, म्हणतो,
किती बायकांची मनगटं झिजली असतील.

नॅपी डर्कन यावर वाद घालत नाही.
एकदा मला गोल मातीच्या गढीत घेऊन गेली,
काटेरी झाडाखाली, जिथे कुणी नांगर घालत नाही.
गवतात पांढऱ्या गारगोट्या. एकीवरही नाव नाही.
बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं.
चर्चच्या मातीत त्यांना जागा नव्हती,
म्हणून रात्री बाप एकटाच यायचा,
काखेत पेटी, लोण्याची, नाहीतर साबणाची.
यातली आपल्या भावाची कुठली, हे तिच्या आईलाही माहीत नव्हतं.
"आता तू सांग," नॅपी म्हणाली.
मी काही सांगितलं नाही.

जात्यावर बसलं की गाणं सुचतं म्हणे.
बटाटा काळा पडला त्या साली दळायला होतं काय?
त्या सालचा रस्ता आहे इथे,
दिवसाला आठ पेन्सांवर फोडलेल्या खडीचा,
दोन गाड्या जातील इतका रुंद,
आणि पाणथळीच्या काठाशी थांबतो,
बोलता बोलता माणूस विसरावा तसा.
शिरगणतीत आधी चौतीस घरं. दहा वर्षांनी अकरा.
माझ्या फेरीत तीन.

चुन्याच्या भट्टीत कुणीतरी फ्रीज टाकलाय.
डोळ्यांच्या विहिरीवर अजून चिंध्या बांधतात;
परवा चष्म्याची एक दांडीही दिसली.
दुधाचे कॅन ठेवायचा कट्टा डेअरीमागे उरला,
त्यावर लुआना शाळेच्या बसची वाट बघते.
आईबाप ब्राझीलचे, मांसाच्या कारखान्यात कामाला.
शाळेत विचारलंय, गावाचं नाव कशावरून पडलं?
मी म्हटलं, दोन मतं आहेत.
"दोन्ही लिहू? ओळी पुष्कळ सोडल्यात बाईंनी."

गुरुवारी अमेरिकेहून एक पत्र आलं. कोड नाही.
थरथरतं अक्षर:
टार्पींचं घर, काटेरी झाडाच्या वरच्या अंगाला, कुराना-ब्रोन.
टार्पींची एकच भिंत उभी आहे, चुलीची.
छप्पर माझ्या जन्माआधीच गेलं.
नियम म्हणतो, परत पाठवा.

व्हॅन गढीपाशी लावली. चिखलातून वर गेले.
चुलीशेजारी मीठ कोरडं ठेवायचा कोनाडा असतो,
त्यात पत्र सरकवलं, वर एक दगड.
सही कुणाची घेणार?
वहीत लिहिलं: दिलं.